गिअर पंपाच्या बुशातली तीन मायक्रॉनची फिल्म: मॉडेल नेमकं कुठे फसतं

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाहेरच्या दातांचा गिअर पंप, एका फेऱ्याला २० घनसेंटिमीटर तेल, १५०० आरपीएम, २१० बार, तेल आयएसओ व्हीजी ४६. गिअरला १२ दात, मॉड्यूल ३, रुंदी २७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४२. जर्नल (शाफ्टचा बुशात फिरणारा भाग) २० मिलिमीटरचा, बुश (त्याला आधार देणारी बाही) २२ मिलिमीटर लांब, त्रिज्येतला क्लिअरन्स २५ मायक्रॉन. लोड पुस्तकातल्या सूत्राने काढला, बुशासाठी शॉर्ट बेअरिंगचं (आखूड बेअरिंगसाठीचं सोपं) सूत्र लावलं आणि किमान फिल्म, म्हणजे शाफ्ट आणि बुश यांमधला तेलाचा सर्वात पातळ थर, तीन मायक्रॉन आली. म्हणजे सगळं आलबेल. पण पंप उघडला तर बुशाचा वरचा थर गिअरकडच्या कडेला घासलेला, आणि बॉडीही सक्शनच्या बाजूला दातांनी खाल्लेली. शिवाय शाफ्टचं वस्तुमान घालून काळानुसार गणित सोडवायला गेलं की सॉल्व्हर कोलमडतो. शाफ्ट ताठ धरावा की लवचीक, हाही प्रश्न आहेच, आणि ऑइल व्हर्लची, म्हणजे तेलाच्या फिल्मवर शाफ्ट गरगरू लागण्याची, भीतीही आहे.

आधी सरळ उत्तर देतो. तुमचं गणित चुकलेलं नाही, सूत्र त्याच्या हद्दीबाहेर वापरलं गेलं आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बुश, दातांच्या टोकाचं अंतर आणि दातांमधल्या खणांचा दाब ही तीन वेगळी मॉडेलं तुम्ही एकामागून एक सोडवलीत. या पंपात ती वेगळी नाहीतच. शाफ्ट कुठे बसतो त्यावर टोकाचं अंतर ठरतं, त्या अंतरावर दाबाची वाटणी ठरते, त्या वाटणीवर लोड ठरतो, आणि लोडावर शाफ्ट कुठे बसतो ते ठरतं. हे चक्र एकत्र सोडवल्याशिवाय घासलेल्या बुशाचा उलगडा होणार नाही.

लोडापासून सुरुवात करू. दाब गुणिले रुंदी गुणिले बाहेरचा व्यास, म्हणजे २१ मेगापास्कल × २७ × ४२, हे सुमारे २३.८ किलोन्यूटन होतं. चालक गिअरसाठी त्याच्या ०.७५ पट आणि चालित गिअरसाठी ०.८५ पट धरायची जुनी पद्धत आहे. हा फरक दातांच्या आपसातल्या रेट्यामुळे येतो. या पंपाचा टॉर्क साधारण ६७ न्यूटन-मीटर, त्यातला निम्मा दातांमधून चालित गिअरकडे जातो, म्हणजे १८ मिलिमीटरच्या पिच त्रिज्येवर जवळपास दोन किलोन्यूटनचा रेटा. तो चालित गिअरच्या दाबाच्या लोडात भर घालतो आणि चालकाच्या लोडातून थोडा वजा होतो. म्हणून जास्त मार खातो तो चालित गिअरचा बुश. पंप उघडल्यावर चार बुश शेजारी मांडून पाहा. चालित गिअरचे दोन जास्त घासलेले दिसले तर दातांचा रेटा मॉडेलमध्ये योग्य दिशेने घातला आहे की नाही याची पहिली खातरजमा तिथेच होते.

चालित गिअरवर २०.२ किलोन्यूटन, दोन बुशांत वाटला की प्रत्येकी १०.१. बुशाच्या प्रक्षेपित क्षेत्रावर हा सरासरी दाब २३ मेगापास्कल येतो. हा आकडा जरा थांबून बघण्यासारखा आहे. वाफेच्या टर्बाइनचे पांढऱ्या धातूचे बेअरिंग एक ते तीन-साडेतीन मेगापास्कलवर चालतात. तुमचा हा एवढासा बुश त्याच्या कितीतरी पट लोड झेलतो आहे, आणि तोही जर्नलचा पृष्ठवेग सेकंदाला जेमतेम १.५७ मीटर असताना. वेग कमी, लोड प्रचंड. द्रवगतिक वंगणाच्या दृष्टीने याहून अवघड जोडी शोधायला लागेल. टर्बाइनच्या पुस्तकातले अंदाज इथे लागू पडत नाहीत, हे सुरुवातीलाच मनात पक्कं करायला हवं.

आता तीन मायक्रॉनचं बघू. तेलाची श्यानता (घट्टपणा) ५० अंशांना ०.०२५ पास्कल-सेकंद धरली, तर सॉमरफेल्ड अंक (श्यानता, वेग, भार आणि क्लिअरन्स यांना एकत्र मोजणारा आकडा) ०.००४३५ च्या आसपास येतो. ऑक्व्हर्कचं शॉर्ट बेअरिंगचं सूत्र यावर विकेंद्रता गुणोत्तर (शाफ्ट मध्यापासून क्लिअरन्सच्या किती पट सरकला ते) ०.८७५ देतं. २५ मायक्रॉनच्या क्लिअरन्समध्ये किमान फिल्म ३.१ मायक्रॉन, म्हणजे तुमचंच उत्तर. पण ते सूत्र तेल फक्त अक्षाच्या दिशेने बाहेर निसटतं असं गृहीत धरतं, परिघाच्या दिशेने दाबामुळे होणारा प्रवाह सोडून देतं. लांबी व्यासाच्या अर्ध्याहून कमी आणि विकेंद्रता मध्यम असेल तर हे चालतं. तुमचा बुश व्यासापेक्षा लांब आहे आणि शाफ्ट जवळजवळ भिंतीला टेकलेला आहे. अशा वेळी ते सूत्र फिल्मची ताकद भलतीच फुगवून सांगतं.

किती फुगवून, ते तपासता येतं. वेस्टिंगहाउसमधल्या रेमंडी आणि बॉइड यांनी १९५८ साली मर्यादित लांबीच्या बेअरिंगचे जे तक्ते संगणकावर काढले, त्यात लांबी आणि व्यास सारखे असताना ०.९७ विकेंद्रतेला सॉमरफेल्ड अंक ०.००४७४ आहे. तुमचा अंक जवळपास तोच. म्हणजे पूर्ण रेनॉल्ड्स समीकरण (फिल्ममधला दाब देणारं मूळ समीकरण) सोडवलं तर विकेंद्रता ०.८७५ नाही, ०.९७ येते, आणि किमान फिल्म तीन मायक्रॉनची पाऊण मायक्रॉन होते. ०.९७ वर ऑक्व्हर्कचं सूत्र फिल्मची भारक्षमता सोळा पट जास्त दाखवतं. ०.८७५ वरसुद्धा सुमारे पाचपट. त्यामुळे गिअर पंपाच्या बुशासाठी शॉर्ट बेअरिंग हे सूत्र पहिला अंदाज म्हणूनही वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सुरक्षित बाजूला चुकत नाही, धोक्याच्या बाजूला चुकतं. आज द्विमितीय रेनॉल्ड्स समीकरण साध्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवेपर्यंत सुटतं, मग या शॉर्टकटची गरजच काय?

पण पाऊण मायक्रॉन हाही अंतिम आकडा समजू नका. शाफ्ट आणि बुशाचा खडबडीतपणा मिळून अर्ध्या मायक्रॉनच्या घरात असतो, म्हणजे फिल्म आणि खडबडीतपणा एकाच मापाचे झाले. आणि एवढ्या पातळ फिल्मसाठी तुम्ही सोडून दिलेल्या तीन गोष्टी फिल्मपेक्षा मोठ्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे शाफ्टचा वाक. तुमच्या ताठ-की-लवचीक प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. गिअरच्या मधोमध वीस किलोन्यूटन आणि दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरचे जर्नल असं धरून साधं बीमचं गणित मांडा. जर्नलचा कल काही दशसहस्रांश रेडियन येतो. २२ मिलिमीटर लांबीच्या बुशात या कलाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निदान पाच मायक्रॉनचा फरक पडतो. फिल्म पाऊण मायक्रॉनची आणि तिरकेपणा पाच मायक्रॉनचा! शाफ्ट मध्यभागी सक्शनकडे वाकतो, त्यामुळे जर्नलची गिअरकडची कड बुशात जास्त रुतते. तुमच्या बुशाचा थर नेमका तिथेच घासलेला आहे. हा जुळणीतला दोष नाही, लोडाखाली वाकलेल्या शाफ्टची सही आहे.

म्हणून शाफ्ट कंपनासाठी ताठ आणि फिल्मसाठी लवचीक धरायचा. कंपनाच्या बाजूने बघितलं तर या आखूड, जाड शाफ्टची पहिली वाकण्याची नैसर्गिक वारंवारता दहा हजार हर्ट्झच्याही वर जाते, आणि दातांची वारंवारता १२ × २५ म्हणजे ३०० हर्ट्झ. दोघांची गाठ पडायचा प्रश्नच नाही. वाक काढायला दोन-तीन बीम घटक पुरतात, त्यासाठी मोठ्या फायनाइट एलिमेंट मॉडेलची गरज नाही. मात्र रेनॉल्ड्स समीकरणात फिल्मची जाडी अक्षाच्या दिशेने बदलती ठेवा, आणि फिल्ममधून येणारं तिरकेपणाचं मोमेंट पुन्हा शाफ्टला लावा. हे मोमेंट शाफ्टला थोडं सरळ करतं. ते सोडलं तर कडेचा दाब अतोनात वाढलेला दिसतो.

दुसरी गोष्ट, बुश आणि त्याची बैठक दाबाखाली दबते. २३ मेगापास्कल गुणिले २० मिलिमीटर भागिले ॲल्युमिनियमचा यंग मापांक ७० गिगापास्कल, हे साडेसहा मायक्रॉन येतं. हा फक्त मापाचा अंदाज आहे, पण खरी विकृती त्याच घरातली असते. पुन्हा फिल्मच्या कितीतरी पट. पण इथे विकृती आपल्या बाजूने काम करते. बुश शाफ्टभोवती लपेटतो, भार जास्त क्षेत्रावर पसरतो, कडेचा टोकाचा दाब उतरतो. ताठ बुशाचं मॉडेल ज्या पंपाला मेलेला ठरवतं, तो पंप शेतात ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षं चालतो, त्याचं मोठं कारण हेच आहे. पोलादी पाठीवर सच्छिद्र ब्राँझ आणि वर पीटीएफईचा काही मायक्रॉनचा थर असलेले बुश या कामाला वापरतात तेही उगाच नाही. तो थर सुरुवातीच्या तासांत घासून, दबून शाफ्टच्या वाकलेल्या रेषेला जुळवून घेतो. तुम्हाला दिसलेली घासलेली कड हा बऱ्याच अंशी हा जुळवून घेण्याचा खर्च आहे. ब्राँझ किती उघडं पडलं आहे आणि पुढच्या तपासणीत तो पट्टा रुंदावला आहे का, यावरून काळजी करायची की नाही ते ठरवा.

तिसरी गोष्ट, दाबाने तेल घट्ट होतं. ताठ बुशाच्या गणितात फिल्ममधला कमाल दाब सरासरीच्या कितीतरी पट, शंभर मेगापास्कलच्या पुढे जातो. सरासरी आणि कमाल यांतला हा फरक वंगणशास्त्राच्या अगदी सुरुवातीपासून माहीत आहे. बोशँप टॉवर यांनी १८८० च्या दशकात रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना तेलाच्या भोकात बसवलेलं बूच आपोआप बाहेर ढकललं गेलं, मग तिथे दाबमापक लावला तर सरासरी भाराच्या दुपटीवर काटा गेला. त्या निरीक्षणावर उभं राहूनच ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्यांचं समीकरण मांडलं. खनिज तेलासाठी दाब-श्यानता गुणांक एका गिगापास्कलला वीसच्या आसपास धरला तर शंभर मेगापास्कलला श्यानता सुमारे सातपट होते. विकृतीमुळे टोकाचा दाब उतरला तरी हा परिणाम सोडण्याएवढा लहान राहत नाही. उलट बाजूने तापमान श्यानता खाली ओढतं. व्हीजी ४६ ची श्यानता ४० अंशांना ४६ सेंटीस्टोक, ती १०० अंशांना सातच्या आसपास उतरते. टाकीतलं तापमान बुशाला लावलंत तर उत्तर चुकीचं येणारच. फिल्मचं पूर्ण ऊर्जा समीकरण सोडवणं जमत नसेल तर निदान घर्षणाची उष्णता आणि बुशातून वाहणारं तेल यांचा ताळा मांडून एक सरासरी फिल्म तापमान काढा.

एवढं केल्यावर फिल्म खडबडीतपणाच्या एक ते तीन पट अशी कुठेतरी येईल. म्हणजे मिश्र वंगण: काही भार तेल उचलतं, काही भार खडबडीत टोकं. पातीर आणि चेंग यांचे १९७८ चे प्रवाह गुणक आणि ग्रीनवुड-ट्रिप यांचा स्पर्शाचा नियम एवढ्यावर काम भागतं. यातले आकडे अचूक असतात असा भ्रम ठेवू नका. त्यांचा खरा उपयोग हा की फिल्म शून्याकडे जाताना गणित फुटत नाही, आणि भाराचा किती हिस्सा स्पर्शावर गेला ते कळतं. किमान फिल्मच्या आकड्यापेक्षा हा हिस्सा मी जास्त महत्त्वाचा मानतो. बुशाचं आयुष्य त्याच्याशी बांधलेलं आहे.

आता मूळ चक्राकडे येऊ, कारण खाल्लेल्या बॉडीचा प्रश्न तिथे सुटतो.

दातांची टोकं आणि बॉडी यांतलं अंतर ड्रॉइंगवर वीस मायक्रॉन असेल असं समजा. बुशातला क्लिअरन्स २५ मायक्रॉन आहे आणि पूर्ण दाबाला शाफ्ट त्यातले चोवीस मायक्रॉन सक्शनकडे सरकतो. वर शाफ्टचा वाक आणि बॉडीचं फुगणं. म्हणजे टोकं बॉडीला लागणारच. ही बिघाडाची खूण नाही, या पंपांची रचनाच तशी असते. कारखान्यात पहिल्यांदा टेस्ट बेंचवर दाब पायरीपायरीने वाढवत पंप चालवतात, तेव्हा कडक पोलादी दात मऊ ॲल्युमिनियमच्या बॉडीत सक्शनकडे स्वतःची वाट कापून घेतात. त्या कापलेल्या वाटेमुळे पूर्ण दाबाला टोकाचं अंतर अगदी कमी राहतं आणि पंप चांगला सील होतो. बॉडी किती खाल्ली हे मोजल्याशिवाय ती खराब झाली असं म्हणता येत नाही.

मॉडेलसाठी याचा अर्थ असा की बॉडीची भूमिती ड्रॉइंगमधून घ्यायची नाही, रनिंग-इन झालेली घ्यायची. उघडलेल्या पंपाची बॉडी मोजयंत्रावर फिरवून खाल्लेल्या भागाची खोली अंशाअंशाने मोजा आणि तो वक्र मॉडेलमध्ये भरा. बॉडी हाताशी नसेल तर मॉडेललाच कापू द्या: सर्वात जास्त दाबाला शाफ्टची जागा काढा, टोकं जिथे बॉडीत घुसतात तेवढा धातू वजा करा, पुन्हा सोडवा, आणि घुसणं थांबेपर्यंत हे चालू ठेवा.

टोकावरची गळती अंतराच्या घनात वाढते. अंतर दुप्पट झालं की गळती आठपट. म्हणून परिघावर दाब सरळ रेषेत चढतो हे गृहीतक फक्त एकसमान अंतराला लागू होतं. शाफ्ट सक्शनकडे सरकला की तिथल्या दोन-तीन दातांवर जवळपास सगळा दाब उतरतो आणि बाकीचे खण डिलिव्हरीच्या दाबाला येऊन बसतात. ढोबळ मानाने, कमी दाबाच्या कमानीचा अर्धा कोन घेतला तर लोड म्हणजे दाब × रुंदी × व्यास × त्या कोनाचा साइन. साठ अंशांना ०.८७, पन्नास अंशांना ०.७७. पुस्तकातले ०.७५ आणि ०.८५ हे कोणत्या प्रकारच्या पंपाचे आकडे आहेत ते यावरून लक्षात येईल. दहा अंशांनी कमान सरकली की लोड एक दशांशाहून जास्त बदलतो, आणि ०.९७ विकेंद्रतेवर उभ्या असलेल्या बुशाला तेवढा फरक चांगलाच जाणवतो. लोड बाहेरून ठरवून दिलात की हे सगळं हरवतं.

प्रत्यक्षात हे चक्र असं चालवा. प्रत्येक खणाला एक दाब, एक बदलतं आकारमान, आणि शेजारच्या खणांशी टोकावरून, बाजूच्या अंतरातून आणि दातांच्या जाळीतून (दोन गिअरचे दात एकमेकांत गुंततात तिथून) होणारी देवाणघेवाण. टोकावरच्या प्रवाहात दाबाचा भाग आणि भिंतीच्या ओढीचा भाग दोन्ही घ्या. इथे टोकाचा वेग सेकंदाला ३.३ मीटर आहे आणि वीस मायक्रॉनवर ओढीचा प्रवाह दाबाच्या प्रवाहाच्या निम्म्याजवळ जातो, तो सोडता येत नाही. जाळीत अडकलेल्या तेलाचा दाब विशेष सांभाळा. बुश ब्लॉकवर कोरलेल्या निकासाच्या खाचा अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे धरल्या तर त्या खणात एक तर दाबाचा सुळका येतो, नाहीतर पोकळी. आणि तो सुळका थेट जर्नलवर आदळतो. तेलात विरघळलेली हवा कमी दाबाला बाहेर येते, तेव्हा तेलाचा आकारमान मापांक (तेल दाबायला किती कठीण ते सांगणारा आकडा) सगळीकडे दीड गिगापास्कल धरू नका, दाबानुसार बदलता ठेवा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या माहा केंद्रात अँड्रिया वाक्का यांच्या गटाने हायगेसिम नावाचं साधन अशाच विचारावर उभं केलं आहे: खणांचं दाबाचं मॉडेल, शाफ्टची सूक्ष्म हालचाल आणि फिल्म, सगळं जोडलेलं. तुम्हाला एवढं मोठं काही लागणार नाही, पण जोडणीचा क्रम तोच ठेवा.

सॉल्व्हर कोलमडतो त्याचं कारण वेगळं आहे आणि उपाय सोपा आहे. गिअर आणि शाफ्टचं वस्तुमान ०.३ किलोच्या आसपास. ३०० हर्ट्झला एक मायक्रॉनची हालचाल झाली तर जडत्वाचं बल एक न्यूटनच्या घरात येतं. समोर दहा हजार न्यूटनचा लोड आहे. मग वस्तुमान ठेवायचं कशाला? ते ठेवल्यामुळे पाऊण मायक्रॉनच्या अतिताठ फिल्मवर हलकं वस्तुमान बसतं आणि सॉल्व्हरला पायरी अतिशय बारीक करावी लागते. वस्तुमान काढून टाका. प्रत्येक क्षणी फिल्मचं बल आणि लोड समतोल असतात असं लिहा आणि त्या समतोलातून जर्नलचा वेग काढा. फिल्म दाबली जाताना उभं राहणारं बल वेगावर अवलंबून असतं, त्यामुळे वेग नेमका मिळतो. इंजिनच्या बेअरिंगसाठी बुकर यांनी १९६५ साली मांडलेल्या मोबिलिटी पद्धतीचा गाभा हाच आहे.

ऑइल व्हर्लची भीती तुम्ही व्यक्त केली आहे, तिच्यावर फार वेळ घालवू नका. ०.८ च्या वर विकेंद्रता असलेला साधा बुश स्थिर असतो. रिकाम्या चालीतही तपासून बघितलं: १० बार आणि ३००० आरपीएमला विकेंद्रता निम्म्यावर येते, पण वस्तुमान × क्लिअरन्स × कोनीय वेगाचा वर्ग भागिले लोड हा अंक हजारात एकापेक्षाही कमी राहतो. ताठ रोटर अस्थिर व्हायला तो सहा-सातच्या घरात जावा लागतो. अनेक टप्प्यांच्या सेंट्रिफ्यूगल पंपात गोष्ट उलटी असते. तिथे शाफ्ट लांब, लवचीक, वेग जास्त, आणि वेअर रिंगमधलं (फिरत्या चाकाभोवतीच्या सील करणाऱ्या कड्यांमधलं) पाणीच बेअरिंगसारखा आधार देतं. रशियन अभियंते लोमाकिन यांच्या नावाने तो परिणाम ओळखला जातो. रिंग झिजली की आधार जातो आणि क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला शाफ्ट जोरात थरथरतो तो वेग) खाली येतो. म्हणून त्या पंपांचं विश्लेषण नव्या आणि दुप्पट झालेल्या क्लिअरन्सवर, दोन्ही प्रकारे करतात. त्या जगातले लेख वाचून गिअर पंपात व्हर्ल शोधत बसू नये.

रिकाम्या चालीतलं खरं दुखणं दुसरं आहे. विकेंद्रता ०.९७ वरून ०.५ वर आली म्हणजे शाफ्ट बारा मायक्रॉन परत आत सरकला. त्याने टोकाचं अंतर उघडतं, आणि पुढच्या क्षणी व्हॉल्व्ह बंद होऊन दाब उसळला की शाफ्ट पुन्हा सक्शनकडे ढकलला जातो. या ये-जा करण्यात दातांचा संपर्कही काही क्षण सुटू शकतो, मग खडखड ऐकू येते. लोडरसारख्या यंत्रात हे दिवसातून असंख्य वेळा घडतं. एकाच स्थिर बिंदूवर मॉडेल चालवून आयुष्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

फिल्मच्या उतरत्या बाजूला दाब ऋण येतो तो नुसता शून्य करून सोडू नका. ०.९७ विकेंद्रतेला शाफ्टच्या पाठीमागे ४९ मायक्रॉनची पोकळी असते. ती पुन्हा तेलाने भरते की नाही हे बुशातली तेलाची खाच कुठे आहे आणि तिथे दाब किती आहे यावर ठरतं. याकॉब्सन, फ्लोबेर्ग आणि ओल्सन यांची वस्तुमान राखणारी सीमा-अट, आणि ती गणितात बसवणारी एलरॉड यांची १९८१ ची पद्धत इथे वापरा. सक्शनला फिल्टर तुंबलेला असताना बुश उपाशी राहतो, हे फक्त याच पद्धतीत दिसतं. साखर कारखान्यात मळी ओढणाऱ्या गिअर पंपातही असंच होतं: श्यानता भरपूर, फिल्म जाड होईल असं वाटतं, पण घट्ट मळी बुशाच्या खाचेत वेळेत शिरतच नाही. म्हणून ते पंप अगदी हळू फिरवतात.

बाजूच्या प्रेशर प्लेटबद्दल थोडक्यात. गिअरच्या कडेचं अंतर पाच ते पंधरा मायक्रॉन असतं, आणि प्लेटच्या मागच्या बाजूला रबर सीलने आखलेल्या क्षेत्रात डिलिव्हरीचा दाब देऊन तिला गिअरवर किंचित जास्त बलाने टेकवलेलं असतं. खणांचे दाब बरोबर आले नाहीत तर प्लेटचा समतोल आणि तिरकेपणा बरोबर येणं शक्य नाही. म्हणून आधी रेडियल चक्र नीट बसवा. तोवर बाजूचं अंतर स्थिर आणि मोजलेल्या गळतीशी जुळेल असं धरा. प्लेटचं लवचीक मॉडेल हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, दोन्ही एकदम हातात घेतले तर चूक कुठे आहे ते सापडत नाही.

मॉडेल खरं आहे का, हे कशाशी ताडून बघायचं? बहुतेक जण आकारमानीय कार्यक्षमता (प्रत्यक्ष प्रवाह भागिले गणिताने यायला हवा तो प्रवाह) जुळवतात आणि समाधान मानतात. ती पुरेशी कसोटी नाही, कारण बाजूचं अंतर थोडं हलवून ती कशीही जुळवता येते. मी तीन खुणा मागतो. बुशावरच्या घासलेल्या पट्ट्याचा कोन आणि त्याची अक्षातली लांबी, बॉडीतल्या खाल्लेल्या भागाचा वक्र, आणि दाब तोच ठेवून वेग कमी करत नेताना टॉर्क कुठे वर वळतो ती जागा. पहिल्या दोन खुणा शाफ्टची दिशा आणि सरकण्याचं माप सांगतात, तिसरी मिश्र वंगण कधी सुरू होतं ते सांगते. कंपन्या कॅटलॉगमध्ये दाबाखालचा किमान वेग छापतात, बऱ्याच पंपांना तो पाचशे आरपीएमच्या आसपास असतो, त्याच्यामागे मुख्यतः हीच फिल्म आहे. तुमचं मॉडेल २१० बारला वेग उतरवत नेताना स्पर्शाचा हिस्सा झपाट्याने कुठे चढतो असं सांगतं, ते त्या छापील आकड्याशी ताडून बघा.

तुमच्याकडे पंप उघडलेला आहेच, तर तेल बदलण्याआधी आणि जोडणी करण्याआधी चारही बुशांच्या पट्ट्यांचे कोन, बोअरच्या एका ठरावीक रेषेपासून मोजून, लिहून ठेवा. ड्रॉइंगवर पंपाची बाजू आणि फिरण्याची दिशाही लिहा. चालक आणि चालित गिअरचे कोन वेगवेगळे आले पाहिजेत, आणि त्या दोन कोनांतून दाब आणि दातांचा रेटा यांचं प्रमाण उलट काढता येतं. पहिलं द्विमितीय, वाकलेल्या शाफ्टचं मॉडेल चालवलंत की हे कोन त्याच्या शेजारी ठेवा. फरक दहा अंशांच्या आत असेल तर लवचीक बुश आणि दाब-श्यानता घालायला घ्या. जास्त असेल तर बुशाकडे वळू नका, आधी खणांच्या दाबाचं मॉडेल तपासा.